दोघींकडे पाठ

सोमवार, ३

दोघी येतायत! ह्याच शहरात, बावीस तारखेला, जुन्या विमानतळाच्या मैदानावर. दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन उघडला आणि पहिलीच बातमी ती. घास तसाच गालात राहिला. काकांना दाखवलं तर म्हणाले, "कोण ह्या? कुणाच्या लग्नाला निघाल्यात?" काकांना समजावण्यात अर्थ नाही. एका खोलीत राहतो, एकाच लाँड्रीत कामाला जातो, एवढाच आमचा संबंध.

आठवीत शाळा सुटली तेव्हापासून मी सलग चार ओळी लिहिल्या नाहीत. पण हे लिहायलाच हवं, म्हणून येताना वही आणली. शो होईपर्यंत लिहायचं आणि मग वही भिंगरीला देऊन टाकायची. भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी बसत नसे, म्हणून भिंगरी.

तिला माहीत आहे, तरी वहीच्या शिस्तीसाठी लिहितो. दोघी म्हणजे थोरली आणि धाकटी. सख्ख्या बहिणी नाहीत, वयात चार महिन्यांचाच फरक, पण लोक असंच म्हणतात. थोरलीचा आवाज जाड, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. धाकटीचा बारीक, धार लावल्यासारखा. स्टेजवर थोरली डावीकडे, धाकटी उजवीकडे. खाली ऐकणाऱ्यांचेही दोन पक्ष, थोरलीवाले डावीकडे, धाकटीवाले उजवीकडे. आणि शेवटच्या आधीच्या गाण्यात ढोल वाजला की दोघी जागा बदलतात. तेव्हा खालचेही सगळे जागा बदलतात, डावे उजवीकडे, उजवे डावीकडे. मधे जो भेटेल त्याच्या तळव्यावर तळवा मारायचा. ह्याला अदलाबदल म्हणतात. मी फक्त फोनवर बघितली आहे, छोट्या सभागृहांतली. घरी मात्र आम्ही रोज करायचो. मी थोरलीवाला, खिडकीपाशी. भिंगरी धाकटीवाली, ओट्यापाशी. ढोल आईचा. ती पातेलं आपटायची, "पुरे करा रे मेल्यांनो!" म्हणून.

छातीत धडधडतंय. आनंदानेच असेल.

गुरुवार, ६

तिकिटं सकाळी निघाली आणि मी पाण्याची बाटली भरून येईपर्यंत संपली. फोनवर एक चाक गरगर फिरत राहिलं, मग 'क्षमस्व'. भिंगरीला मिळालं. तिच्या दोघीवाल्यांच्या ग्रुपमधल्या एकीकडे जास्तीचं होतं. फोन करून म्हणाली, "दादा, मी येतेय. तू असशील ना?"

"मला कुठंय तिकीट?"

"तिकिटाचं बघू. तू असशील ना, ते सांग."

असा प्रश्न कोण विचारतं? मी इथेच तर असतो.

कामावर आज हॉस्पिटलच्या चादरी. आमचं काम सोपं आहे. ओल्या चादरीची टोकं दोघांनी धरायची, झटकायची आणि एकाच वेळी इस्त्रीच्या रोलरच्या तोंडात द्यायची. रोलर गरम असतो आणि त्याला चादर कुठली नि बाही कुठली ते कळत नाही. आधी माझ्या जोडीला लांब्या होता. उन्हाळ्यात त्याची बाही आत गेली. काका जवळच होते, त्यांनी लाल दोरी ओढून मशीन थांबवलं म्हणून हात तरी राहिला. दोन बोटं गेली. मी दुसरं टोक धरून उभा होतो. लांब्या गावी गेला, बरा आहे म्हणतात. त्याचं माझ्याशी काही नाही. मी तेव्हापासून फक्त बाही कोपराच्या वर दुमडतो, तिला रबर लावतो आणि त्या रबरावर आणखी एक रबर लावतो. सावध असणं वेगळं आणि घाबरणं वेगळं.

आता जोडीला काका. ते मला दोरीच्या बाजूला उभं करतात आणि स्वतः पलीकडे जातात. म्हणे तिकडे वारा लागतो. वारा कसला डोंबलाचा, वाफ येते नुसती.

रविवार, ९

सुट्टी. साबण संपला म्हणून बाजारात निघालो. बाजाराला जायचं तर रस्त्याखालून बोगदा आहे. मी बोगद्याने जात नाही, लांबच्या पुलावरून जातो. बोगद्यात माणसं एकमेकांना चिकटून चालतात. मागून कोणी ढकललं तर पुढच्याने जायचं कुठे? ह्याचा विचार कुणीच करत नाही. आज पुलापर्यंत गेलो. पुलावरही आज गर्दी होती. परत आलो.

साबण काकांनी आणला. "चुकून दोन घेतले," म्हणाले.

आईचा फोन. "जेवतोस ना? ताप-बिप नाही ना आता?"

"कसला ताप?"

"काही नाही. भिंगरी म्हणत होती."

भिंगरी काय म्हणत होती ते काही सांगेना. मागे बाबा खोकले. बाबा फोनवर येत नाहीत, फोनच्या जवळून जातात.

संध्याकाळी काका गॅलरीत हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होते. मी गेलो तर "बरं, ठेवतो" म्हणून फोन खिशात. त्यांना फोन करणारं जगात कुणी नाही. मला वाटतं ते मुकादमाला माझ्याबद्दल सांगतात. परवा माझ्या हातून चादर सुटली होती.

मंगळवार, ११

आज धुवायला पिवळी जाकिटं आली, पोतीच्या पोती. पाठीवर छापलेलं, 'बंदोबस्त'. आणणाऱ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी. बोलताना मधेच ती तोंडात धरायची सवय, त्यामुळे अर्धी वाक्यं ऐकू येत नाहीत. मी विचारलं, ही कुठली?

"बावीस तारखेच्या शोची. पोरं कमी पडतायत. येतोस का?"

माझी चादर अर्धी रोलरमध्ये. काका ओरडले, "सोड ते टोक आधी!"

मी टोक सोडलं आणि हो म्हटलं.

"एक अट," शिट्टीवाला म्हणाला. "तोंड गर्दीकडे, पाठ स्टेजकडे. वळून बघितलंस तर तिथल्या तिथे जाकीट उतरवीन."

"पूर्ण वेळ?"

"मग काय, दोन गाण्यांना सुट्टी देऊ?"

म्हणजे दोघी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर गाणार आणि मी त्यांच्याकडे पाठ करून उभा. पण ऐकायला तर येईल! मी परत हो म्हटलं. तेवढ्यात काका म्हणाले, "मलाही घ्या."

शिट्टीवाल्याने त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "आजोबा, फार गर्दी असते हो."

"असू दे की. मी कुठे तिच्याशी लग्न करतोय."

काकांना दोघींचं एक गाणं येत नाही. जाकीट फुकट मिळेल म्हणून येत असतील.

खोलीवर आल्यावर मैदानाचा फोटो बघितला. माणसं मुंग्यांसारखी दिसतात. जेवण गेलं नाही. गॅस बंद आहे की नाही ते दोनदा बघून आलो, मग काका म्हणाले, "थांब, मी बघतो," आणि बघून आले. मग मी परत बघितलं.

शनिवार, १५

मैदानावर नेलं होतं, कामं समजवायला. स्टेजचा नुसता सांगाडा उभा आहे. स्टेजपासून थेट मागपर्यंत मैदानाच्या मधोमध एक मोकळी वाट ठेवलीय, दोन्ही बाजूंनी छातीएवढे लोखंडी कठडे. ॲम्ब्युलन्सची वाट. त्या कठड्यांत मध्यावर समोरासमोर दोन फाटकं. डाव्या गर्दीकडच्या फाटकावर मी आणि उजव्या गर्दीकडच्या फाटकावर काका. मधल्या वाटेत एकमेकांकडे पाठ करून जरा तिरकं उभं राहायचं, म्हणजे स्टेजही पाठीमागेच राहतं. काकांनीच मागून घेतलं असणार, माझ्या जवळचं.

"काही झालं तरी फाटक उघडायचं नाही," शिट्टीवाला म्हणाला. "वाट भरली तर आजारी माणूस बाहेर कसा न्यायचा?"

मी विचारलं, "आणि अदलाबदलीला?"

"ती काय असते?"

मी सांगितलं. त्याने शिट्टी तोंडातून काढली. "असं असतं होय? थांब, विचारतो." फोन करून आला. "नाही करणार. दोघींना सांगितलंय, मैदान मोठं आहे, जागा बदलायची नाही. त्याही हो म्हणाल्या."

"त्या हो म्हणाल्या. पण खालचे?"

"त्या हलल्याच नाहीत तर खालचे कशाला हलतील?"

खरं आहे. मी उगाच शंका काढतो. परत येताना मात्र ती वाट मी पावलांनी मोजली. दोन बाजूंनी गर्दी आणि मधे कठडे. रोलरच्या तोंडाला तरी एक लाल दोरी असते.

भिंगरीला फोनवर सगळं सांगितलं, मी कुठे उभा असणार, कुठलं फाटक. जरा मोठेपणाने सांगितलं असेल. ती एकदम म्हणाली, "मग मी डावीकडेच येते."

"तू धाकटीवाली ना? पक्ष बदललास?"

"बदलला. तुझ्या समोर उभी राहीन."

बुधवार, १९

घोटाळा झालाय.

भिंगरीने कौतुकाने ग्रुपवर टाकलं की माझा दादा मधल्या फाटकावर आहे. बस, एवढंच. पण ते पुढे गेलं आणि जाता जाता त्याचं दुसरंच झालं. आज लाँड्रीत एका पोरीने मला तिच्या फोनवर दाखवलं, 'अदलाबदलीला मधलं फाटक उघडणार! तिथे आपला माणूस आहे! डावीकडच्यांनी तिकडून यायचं!' खाली हजारो लाल बदाम. तो आपला माणूस म्हणजे मी. पोरीला ते माहीत नव्हतं. "काय मस्त ना?" म्हणाली.

भिंगरीला फोन केला. तिने लगेच काढून टाकलं, रडवेली झाली. पण ते आता तिच्या हातात आहे कुठे? खोटं आहे म्हणून लिहिलं तर लोक तिलाच म्हणतात, तुला एकटीलाच जायचंय वाटतं.

"तू येऊच नकोस," मी म्हटलं.

"मी येणार."

"अगं काही झालं तर?"

"तू तिथे असणार आहेस ना? मग मी पण असणार."

हट्टी कार्टी.

संध्याकाळी शिट्टीवाल्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. माझी चूक आहे असंही म्हणाला नाही. म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. आता फाटकांना कुलूपच घालतो. उघडणारच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. किल्ली माझ्याकडे."

मी हो म्हटलं. जिना उतरताना वाटलं, मी मदत मागायला गेलो होतो की आणखी एक बोळ बंद करून आलो?

शुक्रवार, २१

भिंगरी आली. दुपारी स्टँडवर आणायला जायचं होतं. स्टँडच्या दारापर्यंत गेलो, पण आत एकदम तीन गाड्या लागल्या, म्हणून बाहेर झाडाखाली थांबलो. काका आत गेले आणि तिला घेऊन आले. एवढ्या माणसांत त्यांनी तिला ओळखलं कसं? भिंगरी म्हणते, "काका, फोनवर तुम्ही जाडे वाटत होतात." काका म्हणतात, "तू फोनवर शहाणी वाटत होतीस." आणि दोघं हसले. कधी बोलले कोण जाणे. माझाच फोन वाजला असेल आणि काकांनी उचलला असेल.

उंच झालीय. मला म्हणाली, "किती वाळलायस." मग खोलीभर फिरून सगळं बघितलं. गॅसचं बटण, त्याला मी बांधलेली दोरी, माझ्या शर्टाच्या बाहीवरची रबरं. भिंगरी आणि गप्प!

आम्ही दोघींची गाणी लावली. तिला नव्या गाण्यांचे शब्द येत नाहीत. ओठ नुसते हलवते आणि पकडलं की "घसा बसलाय" म्हणते. परीक्षा होती म्हणे, वेळ नव्हता.

"दादा, उद्या नाही गेलास तर चालणार नाही का?" तिने मधेच विचारलं.

मी म्हटलं, "वर्षभर मी कशाच्या जोरावर आहे इथे? दोघींच्या."

तिने काकांकडे बघितलं. काका कप धुवायला उठले.

रविवार, २३

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. वही काकांनी आणून दिली. क्रमाने लिहितो, नाहीतर डोक्यात सगळं एकदम चालू होतं.

शो उजेडातच सुरू झाला. पहिल्या सुराला माझ्या पाठीतून जे गेलं ते मला लिहिता येणार नाही. थोरलीचा आवाज कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो. आणि मी वळलो नाही. माझ्यासमोर हजारो तोंडं होती. दोघी दिसत नव्हत्या, पण त्यांचं काय चाललंय ते सगळं तोंडांवर दिसत होतं. धाकटी पुढे आली की सगळ्यांच्या माना उजवीकडे. थोरली हसली की सगळे हसले. ऑफिसचे कपडे घातलेल्या एक बाई होत्या, गळ्यात ओळखपत्र तसंच, त्या पहिल्या गाण्यापासून रडत होत्या आणि रडत रडत सँडविच खात होत्या. एक बाप पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता आणि गाणी त्यालाच जास्त येत होती. मला वाटलं, मी उगाच घाबरलो. एवढी चांगली माणसं आहेत ही.

भिंगरी कठड्याला टेकून माझ्यासमोर, दोन हातांवर. सगळे माझ्या मागे बघत होते आणि ती माझ्याकडे. मी खुणावलं, वेडे, स्टेज तिकडे आहे. तिने मान हलवली आणि माझ्याकडेच बघत राहिली.

मग तो ढोल वाजला.

दोघी जागेवरून हलल्या नाहीत. हे मला नंतर कळलं. त्या शब्दाला जागल्या, जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. पण ढोल वाजला आणि समोरची सगळी तोंडं स्टेजवरून सुटून माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि निघाले. हसत निघाले, हेच अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मारायला कुणी येत नव्हतं. तळवे वर करून, हसत, गात, माझ्या फाटकाकडे.

पहिली रांग कठड्यावर आली, थांबली, कुलूप बघितलं. एक मुलगा म्हणाला, "अरे, उघड ना." मी ओरडलो, "कुलूप आहे! मागे व्हा!" तो मागे बघून ओरडला. पण मागचे गात होते. त्यांच्या मागचेही गात होते. पुढच्यांचं हसू आधी गेलं. मग तोंडं वर झाली, हवेसाठी. सँडविचवाल्या बाईंचा चेहरा कठड्याच्या वरच्या नळीला चिकटला. त्यांचा आवाज येत नव्हता.

आणि मी उभा. मला वाटलं होतं, वेळ आली की मी धावेन, ओरडेन, काहीतरी करेन. माझे हात बाजूला लटकले होते. मला समोर माणसं दिसेनाशी झाली. चादर दिसत होती, आत जाणारी.

मागून काका ओरडले, "टोक धर!"

कामावर ओरडतात तसंच, त्याच शिवराळ आवाजात. माझे हात आपोआप वर गेले. काकांच्या बाजूला कमी गर्दी होती, ते फाटक सोडून माझ्याकडे आले होते. एका मुलाच्या एका दंडाला ते, एका दंडाला मी. झटका देऊन वर, कठड्यावरून आत. पुढचा. बाईंना काढलं. पोरीला काढलं, तिच्या बापाने तिला डोक्यावर धरलं होतं. ज्यांना काढलं त्यांना वाटेने मागे पळायला सांगितलं. मागून आणखी पिवळी जाकिटं आली, त्यांनीही ओढायला सुरुवात केली.

मी भिंगरीची कॉलर धरली. तिने तिच्या शेजारच्या मुलीचा हात माझ्या हातात दिला. "आधी हिला!"

"तू ये!"

"दादा, ती श्वास घेत नाहीये!"

त्या मुलीला वर घेतलं. परत वाकलो तर भिंगरी तिथे नव्हती. तिच्या जागी दुसरी माणसं होती.

तेवढ्यात ढोल थांबला. थोरलीचा आवाज आला, गाण्याचा नाही, बोलण्याचा. "गाणं बंद. सगळ्यात मागे जे आहात, तुम्हाला सांगतेय. एक पाऊल मागे. वळू नका, नुसतं मागे. आणखी एक." धाकटीही म्हणत होती, "अजून एक. अजून." त्या म्हणत राहिल्या. आधी काहीच झालं नाही. मग समोरची भिंत सैल झाली, माणसामाणसांत फट दिसली, आणि फटीत खाली, गुडघ्यांवर, भिंगरी. डोक्यावर हात घेतलेली.

तिला बाहेर काढलं तेव्हा ती काहीतरी म्हणत होती. मी कान नेला. "तू ठीक आहेस ना?" विचारत होती. मला!

गळ्याजवळचं हाड मोडलंय. बाकी ठीक आहे म्हणतात. बरेच लोक जखमी आहेत, हात, पाय, बरगड्या. कुणी गेलं नाही. नर्सबाईंनी हे मला तीनदा सांगितलं, कारण मी तीनदा विचारलं.

दोघींचा आवाज इतक्या जवळून ऐकला आणि मी शेवटपर्यंत वळून बघितलं नाही. आठवणच झाली नाही.

मंगळवार, २५

भिंगरीला खोलीवर आणलं. हात गळ्यात बांधलाय. काकांनी तिला स्वतःची खाट दिली आणि स्वतः जमिनीवर झोपतात. "पाठीला बरं असतं," म्हणतात. ह्या वेळी मला ते खोटं वाटलं. मग मागच्याही बऱ्याच गोष्टी खोट्या वाटायला लागल्या, वारा, दोन साबण. मी काकांकडे बघत बसलो तर म्हणाले, "काय टकमक बघतोस, गाय व्यालीय का?"

लाँड्रीत शिट्टीवाला जाकिटं घेऊन आला होता. काही बटणं तुटलेली, काहींवर डाग. गळ्यात शिट्टी नव्हती. आम्हा दोघांसमोर स्टुलावर बसला. "किल्ली माझ्या हातात होती रे. मी येत होतो. गर्दीतून येताच येईना. किल्ली अशी हातात धरून..." त्याने हात पुढे केला. हात थरथरत होता. मी त्याला पाणी दिलं. कुणीतरी दुसराही थरथरतो, हे मी पहिल्यांदा बघितलं.

लाँड्रीतली ती पोरगी विचारत होती, "तू जवळ होतास ना? कशा दिसत होत्या दोघी?" मी सांगितलं, माहीत नाही. तिला वाटलं मी भाव खातोय.

शुक्रवार, २८

आज भिंगरीशी भांडण झालं. भांडण म्हणजे मीच बोललो. म्हटलं, "सांगितलं होतं येऊ नकोस. त्या गाण्यांपायी जीव गेला असता तुझा."

ती म्हणाली, "कसली गाणी? दोन वर्षं झाली, मी त्यांचं काही ऐकलेलं नाही. आवडत नाहीत मला आता."

"मग ग्रुप?"

"तुझ्यासाठी घेतला. तू फोनवर दुसऱ्या कशावर बोलायचासच नाही. कामाचं विचारलं की गप्प. जेवलास का विचारलं की गप्प. दोघींचं काढलं की तासभर बोलायचास. मग मी काढायचे." डाव्या हाताने पांघरूण सारखं करत राहिली. "घरी सांगितलं की दादा आजारी आहे, बघून येते. तेव्हा कुठे बाबांनी सोडलं."

"पण मी आजारी नाही."

"मला काय ठाऊक, दादा? काका सांगायचे तेवढंच ठाऊक. बोगद्यातून जात नाहीस. झोपेत बाही ओढतोस."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून तिचा आवाज आला, "घरी माझ्या हाडाचं कळवलेलं नाही. मी नाही सांगणार. तू सांग."

बाबांना फोन करायचा? त्यापेक्षा मैदानात परत उभा राहिलो असतो. लांब्याच्या वेळी घरी काही सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? बाबा आयुष्यभर उंच बांधकामांवर चढले, कधी दोर लावला नाही, त्यांचा मुलगा चादरीला घाबरतो हे त्यांना कसं सांगायचं? तीनदा नंबर काढला, तीनदा ठेवला. काकांनी खोलीतून फक्त एवढंच विचारलं, "लागला का?" मग लावला.

आईने उचलला. मी म्हटलं, बाबांना दे. ती एवढी दचकली की काही न विचारता दिला.

"हां," बाबा म्हणाले.

भिंगरीचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. हाड जुळेल ना विचारलं. जुळेल म्हटलं. मग म्हणाले, "आणि तुझा ताप?"

"ताप नव्हता, बाबा. मी आजारी नव्हतोच."

"मग काय होतं?"

रस्त्यावर एक ट्रक मागे मागे येत होता, त्याचं टी टी टी वाजत होतं. ते थांबेपर्यंत मी थांबलो.

"मला भीती वाटते," मी म्हटलं.

"कशाची?"

"सगळ्याची."

आता ओरडतील असं वाटलं. फोन कानापासून थोडा लांब धरला. पलीकडून फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसलो," बाबा म्हणाले. "सांग."